पेन्सिलीने लिहिलेलं वय

महालेताईंना तुम्ही कुठलाही आकडा सांगा, त्या आधी वय विचारायच्या. कॅन्टीनचे भाऊसाहेब कौतुकाने म्हणाले की सात नंबरच्या खाटेवरचा पेशंट एका बैठकीला सहा पोळ्या खातो, की ताईंचं ठरलेलं, "वय काय त्याचं?" माझा मेहुणा पांडवलेणीच्या पायऱ्या दहा मिनिटांत चढला हे मी जरा फुशारकीनेच सांगितलं, तर हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, "वय?" बावीस म्हटल्यावर "मग उशीरच झाला त्याला," असं म्हणून त्यांनी पुढची फाईल उघडली. मेहुण्याला मी हे कधीच सांगितलं नाही.

पेठ रोडला एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल आहे, तिथे मी एक्स-रे काढतो. माझ्या खोलीला लागून रेकॉर्ड रूम, आणि रेकॉर्ड रूममध्ये हिराबाई महाले. आख्खं हॉस्पिटल त्यांना महालेताई म्हणायचं, मोठे डॉक्टरसुद्धा. ताई उंच, अंगाने काटक, आणि हात इतके लांब की सगळ्यात वरच्या फळीवरची फाईल त्या स्टुलाशिवाय काढायच्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, काढायला विसरल्या असतील. मी तसं सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे आठवडाभर मी त्यांच्या खोलीत काही बोललो नाही.

ती पेन्सिल वयासाठी होती. केसपेपरवर वय लिहायचं ते आधार कार्डावरून, असा नियम. ताई नियमाप्रमाणे निळ्या पेनाने कार्डावरचं वय लिहायच्या. मग पेशंटकडे नीट बघायच्या, पेन्सिल काढायच्या आणि म्हणायच्या, "हे झालं कार्डाचं. आता खरं सांगा." खरं वय बहुतेकांना माहीत नसायचंच. मग चौकशी सुरू व्हायची.

"बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होतात, आजी? खडी फोडायला गेला होतात की आईच्या कडेवर होतात?"

"खडी फोडली ना बाई."

"घमेलं उचलायचात का नुसतं पाणी पाजायचात?"

"घमेलं बी उचललं."

"मग तेव्हा बारा तरी असाल," असं म्हणत ताई एकेक करत हिशेब जुळवायच्या आणि निळ्या आकड्याखाली बारीक अक्षरात पेन्सिलीचा आकडा लिहायच्या. मागे खिडकीशी रांग खोळंबलेली असायची. त्याची त्यांना फिकीर नव्हती. एकदा देवळाली कॅम्पहून एक निवृत्त सुभेदार आले. त्यांचं कार्डाचं वय आणि खरं वय एकच निघालं, तर ताई दिवसभर बेचैन होत्या. "कुठंतरी चुकतंय," म्हणाल्या.

मोठे डॉक्टर एकदा वैतागले. "ताई, एका माणसाला दोन वयं कशी असतील?"

"साहेब, तुमचा वाढदिवस कधी असतो?" ताईंनी शांतपणे विचारलं.

डॉक्टर आपल्या खोलीकडे वळले, कारण त्यांचाही वाढदिवस एक जूनचा. आमच्याकडच्या पन्नाशीपुढच्या माणसांपैकी निम्म्यांचा तोच असतो. घरी जन्मलेल्या पोरांची तारीख कोण लिहून ठेवणार? शाळेत नाव घालायची वेळ आली की गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या हॉस्पिटलात त्या दिवशी एकच केक यायचा. सगळ्यांची नावं मावायची नाहीत, म्हणून त्यावर नुसतं "सर्वांना" असं लिहिलेलं असायचं.

तो केक खाताना ताई दरवर्षी एकच गोष्ट सांगायच्या. त्यांच्या गावात, पेठच्या अलीकडच्या डोंगरात, गुरुजी पोरं गोळा करत घरोघर फिरले. पोर सहा वर्षांचं झालं की नाही हे ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरून दाखवायचा. कान हाती लागला तर सहा पूर्ण, नाही लागला तर पुढच्या वर्षी. हिरा तेव्हा पाचची. पण हात लांब, तिने कान धरला तो धरलाच. तिचा भाऊ काशिनाथ नऊ वर्षांचा, अंगाने बारीक, आणि उंबरावरून पडून कोपर मोडलेलं. गावातल्या माणसाने ते वाकडं बसवलं होतं. त्याचा हात टाळूच्या पुढे जाईना. गुरुजी म्हणाले, "हा लहान आहे अजून." पुढच्या वर्षी गुरुजींना दया आली आणि त्यांनी त्याचे सहा पूर्ण लिहून टाकले. तेव्हा तो दहाचा होता.

"म्हणजे चार वर्षांनी थोरला भाऊ कागदावर माझ्याहून एक वर्षानं धाकटा," ताई म्हणायच्या आणि केकचा तुकडा हातात तसाच धरून हसत राहायच्या. आम्हीही हसायचो. गोष्ट पाठ झाली होती तरी हसायचो.

मग कोरोना आला. पहिल्या दोन लाटांबद्दल मी काही सांगत नाही, ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. ही हकिकत तिसऱ्या लाटेतली आहे. तेव्हा लशी बऱ्यापैकी टोचून झाल्या होत्या आणि रोज नवी अफवा यायची. कुणी म्हणायचं हॉस्पिटल भरलंय, कुणी म्हणायचं रिकामं आहे. अफवा थांबाव्यात म्हणून ट्रस्टने ठरवलं की दारातल्या फळ्यावर रोज सकाळी आकडे लिहायचे. एकूण दाखल किती, त्यांत लस घेतलेले किती, न घेतलेले किती. लिहिणार अर्थातच महालेताई. फळा उंच टांगलेला होता आणि दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता.

ताईंनी मोठ्या डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, "साहेब, वयाचा खाना पाहिजे."

"ताई, फळा केवढासा आहे. लोकांना सोपं पाहिजे."

ताईंनी सोपं लिहिलं. त्या एवढ्या भांडखोर बाई, पण त्या दिवशी भांडल्या नाहीत. रांगेत माणसं खोकत उभी होती, कामाचा डोंगर होता, लिहून मोकळ्या झाल्या. घेतलेल्यांचा आकडा मोठा आला, न घेतलेल्यांचा लहान. कुणा नातेवाइकाने फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर फिरला. खाली लिहिलेलं होतं, "बघा, लस घेतलेलेच जास्त दाखल होत आहेत."

भाऊसाहेबांनी मला तो कॅन्टीनमध्ये दाखवला. मी दोन डोस घेतलेला माणूस, पण खरं सांगतो, तो फोटो मी बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. आकडा खोटा नव्हता. आमच्याच फळ्यावरचा होता, आमच्याच ताईंच्या अक्षरातला होता. मी तडक रेकॉर्ड रूममध्ये गेलो.

ताई म्हणाल्या, "बस. आपल्या व्हरांड्यात पाय घसरून कोण पडतं?"

"म्हातारी माणसं."

"त्यांच्या हातात काय असतं?"

"काठी."

"म्हणजे पडणाऱ्यांत काठीवाले जास्त. मग उद्यापासून दारातच सगळ्यांच्या काठ्या काढून घ्यायच्या का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खूश होऊन घरी गेलो आणि जेवताना बायकोला तेच समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काठी म्हणजे लस, की काठी म्हणजे वय?" मी म्हणालो लस. "मग काठी असून पडतात कशी?" मी म्हणालो, पाय म्हातारे असतात ना. "मग काठीचा उपयोग काय?" इथे मी अडकलो. वरण गार झालं आणि मला पुन्हा काहीच कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मी परत ताईंपुढे. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं आणि पट्टीने दोन खाने पाडले. वर "साठच्या आत", खाली "साठच्या पुढे". आमच्या भागात घरोघर लशीची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंकडून त्यांनी विचारून आणलं होतं की साठीपुढच्यांत लस घेतलेले किती आणि राहिलेले किती. घेतलेले जवळपास सगळेच होते, राहिलेले मूठभर.

"आता बघ. दाखल कोण होतंय? जास्त करून साठीपुढचे. त्यांनी जवळजवळ सगळ्यांनीच घेतलेली, म्हणून दाखल झालेल्यांत घेतलेलेच जास्त दिसणार. पण हे राहिलेले मूठभर बघ. त्या मुठीतले किती आलेत इथं? आणि एवढ्या मोठ्या ढिगातले किती आलेत? आता वरचा खाना बघ, तिथंही तेच." त्यांनी पेन्सिलीचं टोक दोन्ही खान्यांवरून फिरवलं. "दोन्ही खान्यांत न घेतलेल्यांचंच जास्त वाईट आहे. एकत्र केलं की उलटं दिसतं. वय पुसलं की आकडा उलटा चालायला लागतो, प्रमोद."

मला पटलं. पटलं म्हणजे, त्यांच्यासमोर बसलेलो असेपर्यंत पटलं. एकेक खाना बरोबर आणि बेरीज चूक, हे माझ्या डोक्याला आजही सरळ बसत नाही. छातीतला डाग मला पटकन दिसतो. आकड्यातला दिसत नाही.

मी विचारलं, "मग हे कॅलेंडर दारात लावा ना."

"लावणार आहे. पण आधी एकाला पाठवायचंय," ताई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "दादानं लस घेतलेली नाही. आज घेतो, उद्या घेतो म्हणत होता. काल सुनेच्या फोनवर त्यानं आपला फळा बघितला. मला म्हणाला, 'हिरे, तुझंच अक्षर हाय, वळखलं म्या. तूच लिवती घेतलेले जास्ती, आन मलाच म्हणती घे?'"

काशिनाथदादाला साखरेचा त्रास होता. गावात दोन घरांत माणसं तापाने आडवी होती. ताईंना तो एकच भाऊ. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे तोच. एवढं सगळं त्यांनी मला कॅलेंडरकडे बघत सांगितलं.

कॅलेंडरचा फोटो काढून मीच पाठवला. दुपारी दादाचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला. पलीकडून आवाज खणखणीत, शेतातून बोलल्यासारखा.

"हिरे, कागद पाह्यला तुझा. सूनबाईनं समदा वाचून दावला. लय झ्याक केलाय. वयाचं पटलं मला."

ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"मी वरच्या खान्यात," दादा पुढे म्हणाला. "सत्तावन्न. वरच्या खान्यात दाखल माणसं हायेतच किती? समदी गर्दी खालच्या खान्यात. मंग मला कशाला पायजे सुई? म्हाताऱ्यांना द्या."

"दादा, अरे तू सत्तावन्न नाहीस..."

"आधारवर हाय ना," दादा म्हणाला आणि रेंज गेली.

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांची खरी वयं शोधली, तिचा स्वतःचा भाऊ चुकीच्या खान्यात जाऊन बसला होता आणि तो खाना तिनेच आखून पाठवला होता. मला त्यांची फार दया आली. मी चहा सांगितला.

"फळा मी लिहिला, तिथं एकदा अडला. तक्ता मी केला, तिथं परत अडला," त्या म्हणाल्या. "रविवारी तुझी गाडी रिकामी आहे का?"

रविवारी सकाळी मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर घेऊन निघालो. घाट चढून गेल्यावर गार वारा तोंडावर मारत होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या भाताची खाचरं मोकळी पडली होती. दादाचं घर रस्त्याला लागूनच होतं. तो अंगणात नागली पाखडत बसला होता. बहिणीला बघून हरखला, पण ती कशाला आली हे त्याने लगेच ओळखलं.

"जेवूनच जायाचं. उडदाची आमटी केलीय सूनबाईनं. पर सुईचं काढायचं नाय," तो म्हणाला.

ताई मास्क लावून अंगणातच, दोन हात लांब बसल्या. "नाही काढत. दादा, एक काम कर. उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धरून दाखव."

"आँ?"

"धरून दाखव ना."

दादाने हात वर केला. वाकडं कोपर टाळूपाशी आलं आणि थांबलं. बोटं हवेत राहिली. सून दारात येऊन उभी राहिली होती, ती फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

"न्हाय लागत. तुला ठावं हाय न्हाय लागत," दादा म्हणाला.

"का लागत नाही? तू अजून सहाचा झाला नाहीस म्हणून?"

"हात मोडला व्हता. उंबरावरनं पडलो तवा. तूच तर रडत घरी पळाली."

"मग हे सत्तावन्न कुणाचं आहे दादा? तुझं का या कोपराचं?" ताईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्या पुढे बोलल्या ते मग गावचंच बोलल्या. "दुष्काळात तू बारा वर्षांचा व्हता. खडी फोडून आणायचा आन माझ्या हातावर गूळ ठेवायचा. मी आठची. ते मी पेन्सिलीनं लिवलंय, माझ्या डोक्यात लिवलंय. एकसष्ट वर्षं हायेत तुझी. त्या रोगाला आधार कार्ड दाखवशील का तू? तो बघून माघारी जाईल का?"

दादा सुपातली नागली उगीच इकडून तिकडे करत राहिला.

"मंग मी म्हातारा म्हण की," तो शेवटी म्हणाला.

"हो. म्हातारा हायेस."

"आन तू?"

"मी खरी सत्तावन्नची. कागदावर तुझ्यापरीस थोरली."

दादा एकदम हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "थोरलीचं ऐकावं लागतं मंग," म्हणाला. "जातो उद्या. पर मला पटलं नाय हां. तुझ्या आकड्यांनी मला पटलं नाय. तू रडायला लागली म्हून जातो."

ताई रडत होत्या हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आम्ही उडदाची आमटी आणि नागलीची भाकरी खाऊन परत फिरलो. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की उद्या लशीचं केंद्र चालू असतं का.

दादाने दोन्ही डोस घेतले. लाट ओसरली, फळ्यावरचे आकडे लहान होत होत शून्यावर आले, आणि फळा पुसायचाच राहून गेला. पावसाळ्यात पुन्हा इकडेतिकडे कोरोनाचा ताप सुरू झाला. एका दुपारी जीप भरून माणसं आली आणि मधे धरलेला काशिनाथदादा होता. दम लागलेला, ओठ काळे पडलेले.

छातीचा फोटो मी काढला. दोन्ही बाजूंना खालून पांढरं चढलेलं. ताई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांना एक्स-रे वाचता येतो असं मला वाटत नव्हतं, पण त्यांनी काही विचारलं नाही. आपल्या खोलीत गेल्या आणि केसपेपर भरायला घेतला. निळ्या पेनाने अठ्ठावन्न लिहिलं. खाली पेन्सिलीने बासष्ट. मग दारातल्या फळ्याशी जाऊन, खडूने, "लस घेतलेले" या खान्यात एक लिहिला. कुणी सांगितलेलं नव्हतं. न घेतलेल्यांत शून्यच राहिला.

"ताई, आता कशाला?" मी विचारलं.

"आहे ते लिहायचं," म्हणाल्या. "नाही लिहिलं तर माझे बाकीचे आकडे पण कशावर खरे मानायचे?"

आठ दिवस दादा ऑक्सिजनवर होता. रोज दुपारी ताई वॉर्डच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघत काचेतून त्याचे श्वास मोजायच्या. एकदा मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि न राहवून विचारलं. विचारायला नको होतं, पण माझ्या डोक्यात गोंधळच इतका होता.

"ताई, लशीनं फायदा झाला की नाही झाला?"

त्यांनी घड्याळावरची नजर काढली नाही. मोजणं पूर्ण केलं.

"माहीत नाही रे," त्या म्हणाल्या. "शंभर माणसांचं मला सांगता येतं. दोन खाने पाडून सांगते. दादाचे खाने कसे पाडू? एक घेतलेला दादा आणि एक न घेतलेला दादा, असे दोन असते तर दोघांना शेजारी झोपवून बघितलं असतं. एकच आहे माझा." आणि मग, "बावीस. काल सव्वीस होते," म्हणून त्या खोलीकडे निघून गेल्या.

मला वाटत होतं की त्यांना सगळं कळतं आणि मलाच कळत नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा समजलं की त्याही माझ्यासारख्याच अंधारात उभ्या आहेत, फक्त मोजत उभ्या आहेत.

दादा बरा झाला. दुसऱ्या फोटोत छाती पुष्कळ मोकळी दिसली. घरी न्यायला व्हीलचेअर दारात आणली तेव्हा त्याने मान वर करून फळा वाचला. घेतलेले एक, न घेतलेले शून्य.

"थांबा," तो ढकलणाऱ्याला म्हणाला. "हिरे, हे काय हाय? घेतली तो एक पडला, आन न्हाय घेतली ते कुणीच नाय? म्हंजे सुई घेतली म्हूनच झालं ना मला? तुझ्याच फळ्यावर लिवलंय!"

मी ताईंकडे बघितलं. काठ्या, खाने, मूठ, ढीग, मला सगळं पटापट आठवून गेलं, आणि मी मनात म्हटलं, आता समजावतील. ताईंनी नुसता लांब हात वर केला आणि पदराने तो एक पुसून टाकला. "चल, जीप थांबलीय," म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ताई निवृत्त झाल्या. कागदावर साठ पूर्ण. खऱ्या एकोणसाठच्या. "एक वर्ष माझ्या हातांनी खाल्लं," म्हणाल्या. वरच्या हॉलमध्ये आम्ही छोटा समारंभ केला. मोठे डॉक्टर बोलले, भाऊसाहेबांनी चिवडा आणि पेढे ठेवले होते. एक जूनचा केक एक दिवस आधीच आणला होता आणि या वेळी त्यावर एकच नाव होतं. काशिनाथदादा नवीन टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. भावाने दोन शब्द बोलावेत असं कुणीतरी सुचवलं आणि तो उठलाच.

दोन शब्द बहिणीबद्दल बोलून झाले, मग त्याने लशीचा विषय काढला. आपण कसे ठणठणीत होतो, कधी दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो, बहिणीने अंगणात बसून रडून भरीला घातलं, सुई घेतली आणि मग आठ दिवस नळ्या लावून पडलो. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मोठे डॉक्टर खाली बघत होते. दादाचं काही थांबेना. हात वर करकरून, खिडक्या घुमतील अशा आवाजात तो सांगत होता की फळ्यावर लिहिलेलं होतं, आपण डोळ्यांनी वाचलंय.

मी मागच्या रांगेतून ताईंच्या खुर्चीपाशी गेलो आणि वाकून म्हणालो, "ताई, थांबवा ना त्यांना. समजावून तरी सांगा. एवढी माणसं ऐकतायत."

ताईंनी बोट ओठांवर ठेवलं. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती.

"बोलू दे," त्या हळूच म्हणाल्या. "चार मिनिटं झाली. एकदाही दम लागला नाही त्याला."